बॅक अँड चौथा

शनिवारच्या तासाला दहावीच्या मुलांना इंग्रजीत दहा ओळी लिहायला दिल्या होत्या. विषय साधाच, ‘माझ्या वडिलांचं काम’. घरी वह्या तपासताना एका वहीपाशी हात थांबला. त्या मुलीचे वडील यंत्रमागावर आहेत. रात्रपाळीला पप्पा मागांच्या मधल्या गल्लीतून ‘बॅक अँड फोर्थ’ चालत असतात, असं तिनं लिहिलं होतं. वाक्य छान होतं, काळ बरोबर होता, फक्त ‘फोर्थ’मध्ये एक ‘यू’ जास्तीचा पडला होता आणि ‘पुढे’चा ‘चौथा’ झाला होता. देवनागरीत दोन्ही शब्द सारखेच लिहिले जातात, कानालाही सारखेच लागतात, त्यामुळे ही चूक दरवर्षी तीन-चार जणांच्या वहीत सापडतेच. मी लाल गोल केला, वर बरोबर स्पेलिंग लिहिलं. सोमवारी वही हातात देताना ती म्हणाली, “पण चौथाच आहे की मॅडम. पप्पांच्याकडं चार माग आहेत. चौथ्यापर्यंत जायचं आणि परत यायचं.” वर्ग हसला. तास संपायला दोन मिनिटं होती. मी म्हटलं, “नाही गं, तो शब्द वेगळा आहे. पाठ कर.” ती खाली बसली आणि खोडरबरानं तो ‘यू’ खोडायला लागली. पेनची शाई ती, रबरानं कुठली जाते? कागद फाटला.

तो फाटलेला कागद नंतर दोन दिवस डोळ्यांपुढून हलला नाही.

कारण तिनं सांगितलं ते मला पाठ होतं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एकतीस वर्षं चार माग चालवायचे. इचलकरंजीत ‘काय करतोस’ या प्रश्नाला ‘चार माग चालवतो’ एवढं उत्तर पुरतं. पाळी बारा तासांची. दोन माग एका बाजूला, दोन समोर, मध्ये जेमतेम माणूस वळेल एवढी गल्ली. लहानपणी मी जेवणाचा डबा घेऊन जायचे. दारातच खळीचा आंबूस वास आणि वंगणाचा जड वास एकमेकांत मिसळून नाकात शिरायचा. कापसाची फुसं अण्णांच्या भुवयांवर, कानाच्या पाळीवर, डब्याच्या झाकणावरही. बोललेलं ऐकू यायचं नाही, ओठ बघून समजून घ्यायचं. अण्णा पहिल्या मागापाशी कापडावरून पंजा फिरवायचे, दुसऱ्याचा तुटलेला धागा बोटांत वळून जोडायचे, तिसऱ्याची कांडी, म्हणजे आडव्या धाग्याची नळी, बदलायचे, चौथ्यापाशी क्षणभर टेकायचे आणि वळायचे. चार माग चालवणारा माणूस दिवसात किती मैल चालतो हे कुणी मोजलेलं नसतं, कारण तो कुठंच पोचत नसतो.

मोजलं जायचं ते आडवा धागा पोटात घेऊन धावणाऱ्या धोट्याचं चालणं. यंत्रमागावरची मजुरी पिकावर ठरते. पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात बसलेले आडवे धागे. बावन्न पिकाचा दर आमच्या गावात कारखानदारापासून कांडीवालीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो. बावन्न पिकाचं एक मीटर कापड विणायचं तर धोटा या काठापासून त्या काठापर्यंत दोन हजारांहून जास्त वेळा धावतो. साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास पिकं टाकतो, म्हणजे कुठंही न अडता चालला तरी एका मीटरला तेरा-चौदा मिनिटं लागतात. आणि यात गेलेलं एक पीक, आलेलं दुसरं पीक. परत येणं म्हणजे रिकामं येणं नव्हे. जाताना धागा, येतानाही धागा.

मी एकदा हट्टानं एक मोडका धोटा घरी आणला होता. तो अजून माझ्या टेबलावर आहे. वीतभरापेक्षा मोठा, हाताळून हाताळून मधासारखा गुळगुळीत झालेला, पोटात कांडी बसायला लांबट पोकळी, एका कुशीला धागा बाहेर पडायला बारीक छिद्र. दोन्ही टोकांना पोलादी टोप्या, दोन्ही सारख्याच निमुळत्या. चेंडूला पुढची-मागची बाजू नसते तशी यालाही नाही. होडीला नाळ असते, म्हणजे पुढचं टोक, वरवंटा निदान आपण एका बाजूनं धरतो, पण धोट्याला दोन्हीकडे तोंडच आहे, पाठ नाहीच. त्यानं वळायचं नसतं. डावीकडचा दांडका मारतो की उजवीकडे सुटायचं, उजवीकडचा मारतो की डावीकडे. मागे कुठलं आणि पुढे कुठलं हे समोर उभं राहून बघणारा ठरवतो.

इंग्रजीतली ही जोडशब्दांची भानगड मी अठरा वर्षं शिकवते आहे. ‘बॅक अँड फोर्थ’, ‘टू अँड फ्रो’, ‘अप अँड डाऊन’, ‘इन अँड आऊट’, ‘राऊंड अँड राऊंड’. एकच हालचाल पुन्हापुन्हा होते आहे हे सांगायचं, पण ‘पुन्हापुन्हा’ हा शब्द न वापरता. दोन टोकं शेजारी शेजारी ठेवायची, मधली ये-जा ऐकणाऱ्यानं मनात भरायची. मुलांना अर्थ लगेच कळतो, अडखळतात ती ‘अप अँड डाऊन’पाशी. माणूस खोलीत ‘अप अँड डाऊन’ चालत होता, या वाक्याचं भाषांतर एका मुलानं ‘तो खोलीत वर-खाली चालत होता’ असं केलं होतं आणि खाली शंका लिहिली होती, ‘जिना घरात असेल का?’ सपाट फरशीवरही इंग्रजीत माणूस वर आणि खाली चालतो, रस्त्यावरही चालतो. तिथं वर-खाली म्हणजे चढ-उतार नसून या टोकापासून त्या टोकापर्यंत, एवढंच. ‘बॅक अँड फोर्थ’ रोजच्या बोलण्यातलं, त्यावरून नाम झालं तर दोघांमधली लांबलेली घासाघीसही त्यात मावते. ‘टू अँड फ्रो’ जरा जुनं, झोक्याला आणि लंबकाला शोभणारं. विज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकात लंबकाची गती हमखास ‘टू अँड फ्रो’ असते, मराठी पुस्तकात तीच ‘आंदोलित गती’. आंदोलन म्हणजे मुळात झुलणं. मजुरीवाढीच्या आंदोलनात आमचं गाव बंद असायचं तेव्हा मात्र एकही धोटा हलत नसे, आणि त्या शांततेत आम्हा पोरांना झोप लागायची नाही.

यातला ‘फ्रो’ मला फार आवडतो. हा शब्द आज एकटा कुठंच दिसत नाही. ‘मी फ्रो गेलो’ असं कुणी म्हणणार नाही. उत्तरेकडून समुद्रावरून येऊन इंग्लंडात वस्ती केलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतून तो आला. ‘पासून’ या अर्थाच्या ‘फ्रॉम’चा तो भाऊबंद. म्हणजे ‘टू अँड फ्रो’ हे अक्षरशः ‘कडे आणि पासून’ आहे. कुणाकडे, कशापासून ते नाही, नुसते प्रत्यय धरून चालणं. बाकी सगळीकडून तो हद्दपार झाला आणि या एका जोडीत हात धरून टिकला. ‘फोर्थ’चीही गत जवळपास तशीच, ठरावीक दोन-चार शब्दप्रयोगांबाहेर त्याला आता थारा नाही. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलात जलप्रलयाच्या गोष्टीत नोहा आधी कावळा सोडतो, आणि पाणी आटेपर्यंत तो कावळा ‘टू अँड फ्रो’ उडत राहतो. पुढे कबुतर जैतुनाचं पान घेऊन येतं आणि सगळ्यांच्या लक्षात कबुतर राहतं. मला तो कावळा आठवत राहतो. खाली सगळं पाणी, टेकायला फांदी नाही, आणि त्याच्या वाट्याला दोन छोटे शब्द. त्याचं मराठी करायचं झालं तर मी काय लिहीन? घिरट्या? घिरट्या तर घारीच्या, त्यात खाली भक्ष्य असतं. फेऱ्या? फेऱ्या मारणाऱ्याला मुक्काम माहीत असतो.

इथं मी नेहमी अडते. इंग्रजी शब्द लांबून बघतात, माणूस या टोकाकडून त्या टोकाकडे जाताना दिसतो, एवढं सांगून गप्प बसतात. मराठीला तेवढ्यानं भागत नाही. तो का चालतो आहे, त्याच्या जिवाला काय लागलं आहे, हे कळल्याशिवाय शब्दच हाताशी येत नाही. काळजीनं चालला तर येरझाऱ्या. जेवून चालला तर शतपावली. ओझं घेऊन गेला-आला तर खेपा. कुणाच्या तरी मर्जीसाठी चकरा. आणि काम न होता पाय मोडले तर हेलपाटे. ‘येरझाऱ्या घातल्या’ आणि ‘हेलपाटे घातले’ यांतलं अंतर तेवढंच असेल, पावलंही तेवढीच, पण एकात छाती धडधडते आणि दुसऱ्यात चप्पल झिजते.

मी सातवीत असताना अण्णांना धोटा लागला. माग चालू असताना धोटा कधीकधी रस्ता सोडून बाहेर उडतो, पोलादी टोकासकट. त्यांच्या डाव्या भुवईवर बसला, डोळा थोडक्यात वाचला. दवाखान्याच्या बाहेरच्या पट्ट्यात आई रात्रभर चालत होती. अनवाणी, पदर मुठीत. भिंतीपर्यंत जायची, भिंतीला हात लावायची, फिरायची. त्या येरझाऱ्या होत्या, शंका नाही. पुढे भरपाईसाठी तीच आई एका कचेरीत अकरा वेळा गेली. एकदा साहेब नाहीत, एकदा कागद अपुरा, एकदा कागद पुरा पण तारीख चुकलेली. अकराव्या खेपेला ती रिकाम्या हातानं आली आणि पायऱ्यांवर बसून म्हणाली, “हेलपाटं घालून घालून जीव गेला बाई.” इंग्रजीत दोन्ही वेळा आई ‘बॅक अँड फोर्थ’ गेली असंच लिहिता येईल. व्याकरणाला ते चालेल. मला नाही चालायचं.

त्या दिवशी वर्गातून बाहेर पडताना मला आणखी एक गोष्ट सुचत होती, ती त्या मुलीनं विचारलेली नव्हती. ‘बॅक’ आधी का? आधी पुढं गेल्याशिवाय मागं कसं यायचं? इंग्रजीत अशा जोड्यांचा क्रम गोठलेला असतो. ‘फ्रो अँड टू’ कुणी म्हणत नाही, ‘फोर्थ अँड बॅक’ म्हटलं तर कान टवकारतात. भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी या क्रमांमागे काही कल शोधले आहेत: जवळचं आधी आणि लांबचं नंतर, वरचं आधी आणि खालचं नंतर, आखूड शब्द आधी. ‘बॅक अँड फोर्थ’ मात्र चालणाऱ्या पायांच्या उलट आहे. मग लक्षात आलं, आपण तरी काय म्हणतो? मागेपुढे. आणि ते उलटवलं की अर्थच दुसरीकडे जातो. मागेपुढे करणारा माणूस कचरतो आहे. ‘पुढेमागे बघू’ म्हणणाऱ्यानं गोष्ट लांबच्या एखाद्या दिवसावर टाकली आहे. ‘ये-जा’त तर येणं आधी, जाणं नंतर. घरात बसलेल्या माणसाचा हा शब्द, दारातून कोण आलं आणि कोण गेलं ते बघणाऱ्याचा. जो स्वतः चालतो तो ‘जाऊन येतो’ म्हणतो, ‘येऊन जातो’ हे पाहुण्याचं. आई अण्णांना पाळीला जाताना ‘जातो’ म्हणू द्यायची नाहीच, ‘येतो म्हणा’ म्हणायची. भुवईला धोटा लागल्यापासून तर दार अडवून म्हणायची.

काही जोड्या इंग्रजीतून आल्या आणि आपल्याच होऊन राहिल्या. ‘अपडाऊन’ घ्या. हातकणंगल्याहून रोज रेल्वेनं मिरजेला किंवा कोल्हापूरला कामाला जाणारा माणूस ‘अपडाऊन करतो’. रेल्वेत मुंबईकडे जाणारी गाडी अप आणि मुंबईहून निघालेली डाऊन, जसं इंग्लंडात लंडनच्या दिशेला अप. पण आमच्याकडे एसटीनं जाणाराही अपडाऊनच करतो, मोटारसायकलवालाही. इंग्रजीत हा शब्द हालचाल सांगतो, आमच्याकडे तो परिस्थिती सांगतो. ‘पोरगा काय करतो?’ ‘अपडाऊन करतोय.’ एवढ्यावर समोरच्याला कळतं की नोकरी आहे पण तिथं खोली घेण्याएवढा पगार नाही, सकाळी सहाचा डबा आहे, रात्री नऊचं जेवण आहे, आणि मुलगी द्यावी की नाही याचा विचार करायला हरकत नाही. शब्द इथं आला आणि त्यानं माणसाचं घर बघून घेतलं.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी त्या मुलीला थांबवलं. म्हटलं, पप्पा काम करतात तिथं मला नेशील का? तिनं वाटेतच सांगितलं की आता निम्मेच साधे माग उरले आहेत. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला तेव्हापासून जी खडखड सुरू झाली, ती आता गल्लीगल्लीतून विरळ होत चालली आहे. साधे माग भंगारात किलोवर जातात. पलीकडच्या मोठ्या शेडमध्ये नवे एअरजेट माग आले आहेत. आम्ही आधी तिथं डोकावलो. आवाज होताच, पण तो ठोक्यांचा नाही, सलग सुसाट. मिनिटाला सहाशे-सातशे पिकं. मी वाकून बघत राहिले आणि समजायला थोडा वेळ लागला की इथं धोटा नाहीच. हवेच्या झोतानं धागा एका बाजूनं फेकला जातो, पलीकडे पोचतो, कापला जातो. पुन्हा त्याच बाजूनं दुसरा धागा. परत येणारं काही नाही. साध्या मागावर आडवा धागा काठाशी वळून परत फिरतो म्हणून कापडाचा काठ आपोआप बंद होतो, हात फिरवला तर गुळगुळीत लागतो. इथं दोन्ही काठांना कापलेल्या धाग्यांची झालर. ती मुलगी माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, “ह्याला काय म्हणायचं मॅडम? हे बॅक येतच नाही!” मी तिच्या कानाशी ओरडून म्हटलं, “नुसतं फोर्थ.” तिनं हवेत बोटानं स्पेलिंग लिहून दाखवलं. यू नव्हता.

मग तिच्या वडिलांच्या कारखान्यात गेलो. ते मला ‘या बाई’ म्हणाले असावेत, ओठांवरून वाचलं. तीच गल्ली, तीच फुसं, तोच आंबूस वास. पहिल्या मागावर पंजा, दुसऱ्याचा धागा, तिसऱ्याची कांडी, चौथ्यापाशी टेकणं आणि वळणं. तिची वही माझ्या पिशवीत होती. निघताना मी ती काढली आणि फाटलेल्या जागेवर मागच्या बाजूनं कागदाची पट्टी चिकटवून दिली. स्पेलिंग तिनं घरून सुधारून आणलं होतं. समासात मी मराठीत लिहिलं, ‘चौथ्यापर्यंत, हे तुझं बरोबर आहे.’

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. अण्णांचं काम सुटून बारा वर्षं झाली. पण संध्याकाळ झाली की ते बाहेरच्या सोप्यात चालायला लागतात, आणि आई आतून म्हणते, “झाले सुरू, बघ, माग.” मी इतकी वर्षं त्याला शतपावली समजत होते. शतपावली जेवणानंतरची, आणि अण्णा जेवायच्या आधी चालतात. येरझाऱ्या म्हणाव्यात तर तोंडावर काळजीची रेघ नाही. त्या दिवशी मी चप्पल न काढता उंबऱ्यात उभी राहिले. ते दाराच्या चौकटीपाशी थांबले, पंजा फिरवला. पुढे तुळशीच्या कुंडीपाशी थांबले, काठावरून अंगठा ओढला. मग खाटेपाशी, गादीची शिवण चाचपली. मग खिडकीपाशी आले, गजाला हात टेकून क्षणभर उभे राहिले.

चार.

आणि वळले.